वंशावळ सगळ्यांसोबत ऑनलाइन, की आपल्याच लॅपटॉपवर?

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांतलं कुणी वंशावळ मांडायला बसलं, की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. जीनी किंवा फॅमिलीसर्चसारख्या साइटवर, जिथे सगळे मिळून एकच वंशवृक्ष भरतात, अशा सामायिक वृक्षात आपलं कुटुंब जोडावं, की ग्रॅम्प्ससारखं फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन सगळं आपल्याच लॅपटॉपवर ठेवावं? मी दोन्ही वापरलंय. दोन्ही कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

सामायिक वृक्षाचा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. १९४८ नंतर आपले बहुतेक लोक इस्राएलला गेले. आजीच्या सगळ्या भावंडांची नावं जिला तोंडपाठ आहेत ती मावशी अश्दोदला, आणि जुने केतुबा (ज्यू विवाहाचे करारपत्र), लग्नाचे फोटो इथे ठाण्याच्या कपाटात. ऑनलाइन वृक्षात मावशीचा नातू रात्री फोनवरून एक नाव भरतो आणि सकाळी ते मला दिसतं. लॅपटॉपवरच्या ग्रॅम्प्समध्ये ही सोय नाही. मावशीचा व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकायचा, लिहून घ्यायचं, परत तिला वाचून दाखवायचं, मग भरायचं. वेळ खूप जातो.

तरीही माझं मन फिरलं ते एका गोष्टीमुळे. अशाच एका सामायिक साइटवर कुणीतरी माझे पणजोबा आणि अलिबागकडच्या दुसऱ्याच घरातले एक गृहस्थ एकच माणूस समजून जोडून टाकले. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. त्यामुळे पणजोबांच्या नावावर एक असा मुलगा लागला, ज्याचा जन्म त्यांच्या मृत्यूनंतरचा! मी दोघांना वेगळं केलं, कारण लिहिलं. काही दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी पुन्हा जोडलं. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण आपली आडनावं गावांवरून आलेली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. एका गावातून निघालेल्या, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्या घरांचंही आडनाव एकच असू शकतं. त्यात नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच, अब्राहमचा कागदोपत्री कुठे आबाजी, सॅम्युएलचा सामाजी. बाहेरच्याला तीन नावं जुळली म्हणजे पुरावा वाटतो. आपल्याकडे तो पुरावा होत नाही.

या जोडाजोडीत माझी एक आत्या ‘मृत’ म्हणून नोंदली गेली. ती ठणठणीत आहे. या साइट हयात माणसांची माहिती झाकून ठेवतात हे खरं, पण कुणी मृत्यूची खूण केली की पडदा गेला. आत्याचं माहेरचं आडनाव, जन्मतारीख, मुलांची नावं, सगळं उघड. आईचं माहेरचं नाव आपल्याकडे बँका ओळख पटवायला विचारतात, म्हणजे तिच्या मुलांच्या खात्यांची एक किल्लीच बाहेर पडली. ती नोंद झाकली जाईपर्यंत मला चैन नव्हतं.

बाकीचा धोका तुम्ही वाचला असेलच. मायहेरिटेज या वंशावळीच्या साइटच्या ९ कोटी २० लाखांहून जास्त खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं २०१८ साली उघड झालं. वंशवृक्ष आणि डीएनए वेगळे ठेवलेले असल्याने सुरक्षित राहिले, असं कंपनीने सांगितलं. २०२३ साली डीएनए तपासणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीमधून चोरलेली माहिती विकायला निघाली, ती ‘अश्केनाझी ज्यू’ (युरोपातल्या मुळाचे ज्यू) अशी वेगळी यादी करून. चोर आत शिरले ते लोकांनी इतरत्र वापरलेलेच पासवर्ड तिथेही ठेवले म्हणून. ज्यू म्हणून यादी होणं म्हणजे काय, हे २६/११ ला नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून मुंबईत तरी समजावून सांगायला नको.

ग्रॅम्प्स दिसायला रुक्ष आहे, आणि बॅकअपची जबाबदारी पूर्णपणे तुमची. पण एका माणसाला हवी तितकी नावं देता येतात आणि प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं हेही लिहिता येतं. माझ्या पणजोबांच्या नोंदीत ‘आबाजी’पुढे मावशीचं सांगणं आहे, ‘अब्राहम’पुढे केतुबा. अलिबागजवळच्या नवगावच्या आपल्या जुन्या कबरस्तानातल्या कित्येक दगडांवर अक्षरच नाही, तेव्हा कोण काय म्हणालं हाच आपला दस्तऐवज. एखादी नोंद खाजगी ठेवायची तर कुलपाची खूण आहे, आणि फाइल बाहेर काढताना खाजगी नोंदी व हयात माणसं वगळता येतात.

मग हरवलेले नातेवाईक शोधायचे कसे? मला ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या साइटवरचं फॅमिली फाइंडर पुरेसं वाटलं. त्या साइटचा मुख्य भर पूर्व युरोपवर आहे, हे मान्य. पण तिथे आडनाव आणि गाव एवढंच नोंदवायचं असतं, आणि आपल्या आडनावातच गाव आहे. अख्खं झाड टांगावं लागत नाही.

घर मोठं, चार देशांत पांगलेलं आणि सगळे उत्साही असतील, तर सामायिक वृक्ष तुम्हाला कदाचित जास्त सोयीचा पडेल. तसं केलंत तर पणजोबांच्या पिढीपर्यंतच भरा, पासवर्ड निराळा ठेवा, आणि सोय असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी आधी चालू करा. मी मात्र लॅपटॉपवरच ठेवलंय. एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, दुसरी बहिणीकडे, आणि मावशीच्या नातवाला जाते ती हयात माणसं वगळलेली फाइल.