एसी शिफ्टिंगचा अनुभव, एकाने गॅस हवेत सोडला आणि एकाने वाचवला

घर बदललं, दोन एसी काढून नवीन फ्लॅटवर लावायचे होते, म्हणून आधी एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिसचा माणूस बोलावला. त्याने हॉलच्या एसीचा नट पान्याने ढिला केला आणि सरळ गॅस सोडूनच दिला, किती वेळ नुसतं फुस्स, नटाभोवती पांढरा धूर, पाइपवर बर्फ. मी म्हटलं अहो हे काय करताय, तर म्हणे मॅडम सगळे असंच करतात, तिकडे नवीन भरून देतो. त्याचे पैसे वेगळे.

पैशापेक्षा जीव जळाला तो त्या गॅससाठी. आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलं, आर-४१०ए, १.१ किलो. हा गॅस एक किलो हवेत गेला की १०० वर्षांच्या हिशेबाने २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो, म्हणजे माझ्या बाल्कनीतून साधारण हजार लिटर पेट्रोल जाळल्याएवढं नुकसान झालं! ओझोनला याने धक्का लागत नाही, जुन्या एसींमधल्या आर-२२ गॅसने लागायचा, पण तापमानवाढीत हा आर-२२ च्याही वर आहे. २०१६ ला रवांडातल्या किगालीत जवळपास २०० देशांनी हे गॅस कमी करायचं ठरवलं, भारताची कपात २०३२ पासून आहे, पण तोवर जुन्या एसीत भरलेल्या गॅसचं काय?

बेडरूमच्या एसीला त्याला हात लावू दिला नाही. जुन्या कॉलनीतल्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी एसी कूलिंगवर चालू ठेवून गॅसचा दाब दाखवणारा गेज लावला, एलन कीने आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला, काटा शून्याजवळ आला तसा जाड पाइपचा, आणि लगेच मेन स्विच बंद. याला पंप डाउन म्हणतात, सगळा गॅस आउटडोअरमध्येच जमा होतो. नवीन घरी पाइपची तोंडं परत फ्लेअर केली, म्हणजे नट घट्ट बसावा म्हणून पसरट केली, आतली हवा काढायला अर्धा तास व्हॅक्यूम पंप, मग साबणाचं पाणी लावून टॉर्चने बुडबुडे बघत बसले. हॉलच्या एसीत गॅस भरला तोही वजनकाट्यावर मोजून, स्टिकरवर आहे तेवढाच.

आणि हो, दरवर्षी गॅस टॉप-अप करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, गॅस वापरून संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आधी ते शोधायला लावा.

काकांना वेळ लागतो, दोन एसीत आख्खा दिवस गेला, पण मी परत त्यांनाच बोलावणार. फक्त नागपूरच्या मे महिन्यात त्यांचा फोन लागत नाही, मार्चमध्येच सांगून ठेवा.