सामाजिक भयगंडावरील गटोपचार: नेहमीची पद्धत की भूमिकांचा खेळ?

सामाजिक भयगंडासाठी, म्हणजे लोकांसमोर बोलण्या-वागण्याच्या तीव्र भीतीसाठी, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हाइमबर्ग यांनी अमेरिकेत १९८०च्या दशकात विकसित केलेल्या बोधात्मक वर्तन गटोपचारात (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या गटातील उपचारात) साधारण सहा रुग्ण आणि दोन उपचारक दर आठवड्याला सुमारे अडीच तास, अशा १२ बैठकांसाठी एकत्र येतात. तेथे रुग्ण स्वतःच्याच नावाने भीतीचा प्रसंग, उदाहरणार्थ वरिष्ठांसमोरचे निवेदन, गटापुढे वठवतो आणि ‘लोक हसतील’ हे आपले भाकीत खरे ठरले का, ते पडताळतो. या पद्धतीला चाचण्यांचा भक्कम आधार आहे.

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, म्हणजे प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र होऊन सगळ्यांसोबत गोष्ट पुढे नेतो अशा, खेळावर बेतलेल्या गटात हेच काम पात्राच्या आडून होते. अनोळखी माणसाशी बोलायला धजत नसलेला तरुण येथे द्वारपालाशी घासाघीस करतो, साथीदाराला ठाम नकार देतो; वीस बाजूंचा फासा उलटा पडला, तर अपयशाचा दोष त्याच्या बोलण्यावर येत नाही आणि सगळे मिळून पुढचा मार्ग शोधतात. पहिल्याच बैठकीत उपचार सोडून देणाऱ्यांसाठी हा उंबरठा, माझ्या मते, अधिक सोपा आहे.

मात्र पात्राचा मुखवटा हीच पळवाट ठरू शकते (नाटकात उत्तम बोलणारे, पण पडद्यामागे गप्प राहणारे कलावंत आपल्या परिचयाचे असतात). म्हणून खेळानंतर पात्र बाजूला ठेवून चर्चा आणि प्रत्यक्ष जीवनातला गृहपाठ हवाच. शिवाय खेळावरील अभ्यास अजून तुटपुंजे असल्याने, तीव्र त्रास असलेल्या प्रौढाला मी आधी पहिलीच पद्धत सुचवेन.