सासऱ्यांची टू-टू: तीन वर्षांच्या रविवारांनंतर

सासरे गेले तेव्हा तासगावकडच्या घरात द्राक्षबाग, एक जीप आणि एक रिव्हॉल्व्हर राहिली. बाग मेव्हण्याने सांभाळली, जीप भंगारात गेली. रिव्हॉल्व्हरला कुणी हात लावेना. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचा हात बारीक कामाचा. तुम्हीच घ्या, नाहीतर जमा करून टाकू."

मी मिरजेत तंबोरे करतो. सतारमेकर गल्लीत आमची तिसरी पिढी. आयुष्यात कधी ढेकूण सोडून काही मारलेलं नाही. पण ती पेटी उघडली, चकरी (गोळ्यांची सहा घरं असलेलं फिरतं चाक) बाजूला काढली, हलकेच फिरवली आणि तो खटक खटक आवाज ऐकला. सहाच्या सहा खटके एका सुरात. तिथेच फसलो.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात सांगतो. वारसांची संमतीपत्रं, पोलीस पडताळणी, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि विजयनगरला कलेक्टर ऑफिसच्या इतक्या फेऱ्या, की तिथला चहावाला "आज पण नाही का?" असं विचारायला लागला होता. तोवर हत्यार परवानाधारक दुकानात जमा. ज्यांना झटपट काम हवंय त्यांनी कॅरम घ्यावा.

आता वस्तूबद्दल. स्मिथ अँड वेसनची के-२२. सहा इंची नळी, सहा गोळ्या, .२२ लाँग रायफल नावाचं काडतूस. के-२२ नावाची पहिली १९३१ मध्ये आली आणि १९५७ पासून तिला मॉडेल १७ म्हणायला लागले. माझ्या सांगाड्यावर १७ चा शिक्का नाही, तेव्हा त्याआधीची असावी. म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी. वजन किलोभर. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो, एवढीशी गोळी आणि एवढं धूड? तेच तर तिचं मर्म आहे. सांगाडा अडतीसच्या गोळीला पुरेल असा, आणि आत बावीसची. त्यामुळे गोळी सुटली तरी हातात नुसता एक टिचका लागतो. मनगट उडत नाही, नेम हलत नाही, आणि हलला तर तो आपल्यामुळेच हलला हे कळतं.

बावीसच्या काडतुसाची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक बटण असतं, त्यावर पिन आदळते. बावीसला बटण नाही. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे पितळेच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो. पिन काठावर आपटते, काठ चेपतो, मसाला पेटतो. बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. पण मसाला काठात सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी बसली, तर टक्क एवढाच आवाज. अशा वेळी नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद गप उभं राहायचं, कारण एखादी गोळी उशिराने सुटते.

गेल्या पावसाळ्याआधी मला पन्नास काडतुसांची एक पेटी मिळाली, त्यात सात फुसक्या निघाल्या. कुठल्या कंपनीच्या ते लिहीत नाही, जुना साठा असेल किंवा ओल लागली असेल. मी वैतागलो. काडतुसं काही किराणा दुकानात मिळत नाहीत. परवान्यावर वर्षाची संख्या ठरलेली, वहीत प्रत्येकाची नोंद.

पण त्याच पेटीने मला जे शिकवलं ते आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एक प्रशिक्षक मुलगी आहे, तेवीस-चोवीस वर्षांची, स्वतः पंचवीस मीटर पिस्तूल खेळते. मी तिला ताई म्हणतो, ती मला काका. मी चाप ओढला, टक्क. गोळी निघाली नाही. मी दुकानदाराच्या नावाने काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "काका, नळी बघितली का?"

"काय झालं नळीला?"

"गोळी सुटलीच नाही, तरी नळी दोन बोटं खाली गेली. म्हणजे धक्का यायच्या आधीच तुम्ही त्याला उत्तर देताय."

खरं होतं. गोळी सुटते तेव्हा हा झोल धक्क्यात झाकला जातो, आणि आपल्याला वाटतं हत्यारच खाली मारतंय. फुसक्या गोळीने माझी चोरी पकडली. त्यानंतर तिने एक खेळ लावला. चकरी ती भरते, मी तोंड फिरवून उभा. सहा घरांपैकी कुठेतरी दोन झडलेली रिकामी टोपणं (गोळी सुटून गेलेली पितळी नळकांडी) आणि चार खरी काडतुसं. कुठलं कुठे आहे मला माहीत नाही. रिकामं आलं आणि नळी हलली, की ती नुसती घसा खाकरते. हा खेळ रिव्हॉल्व्हरवरच एवढा सरळ जमतो. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये असं काही करायचं तर दर वेळी स्लाइड ओढत बसा. शिवाय बावीसच्या हत्याराचा घोडा (चाप ओढल्यावर पडणारा मागचा हातोडा) रिकाम्या घरावर पाडू नये, पिन घराच्या काठावर आपटते आणि काठाला चर पडतो. झडलेलं टोपण आत असलं म्हणजे तीही भीती नाही.

तंबोऱ्याची जवारी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) लावताना आम्ही तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. केसभर पुढे-मागे केला की सूर उघडतो किंवा मिटतो. या चापाचंही तसंच आहे. घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर चाप काचेची कांडी मोडावी तसा सुटतो, आधी काही सरकत नाही, नंतर काही लोंबत नाही. घोडा न ओढता थेट चाप दाबला, तर तो लांब आणि जड. चकरी फिरते, घोडा मागे जातो आणि मग पडतो, सगळं एकाच ओढीत. त्या ओढीच्या शेवटी किंचित खरखर आहे. माझा हात शिवशिवतो. बारीक दगडावर चार वेळा घासलं की जाईल, मला दिसतंय. पण हत्याराच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, माझ्याकडे तो नाही, आणि घरच्या घरी घासलेल्या चापाचे किस्से रेंजवर पुष्कळ ऐकलेत. तेव्हा खरखर आहे तशीच आहे.

मुठीला मात्र हात लावला. मूळची अक्रोडाची मूठ सुंदर होती, खवल्यांची नक्षी अजून बोटाला लागते. पण ती सासऱ्यांच्या पंजाची. माझी करंगळी खाली लोंबायची. दुकानदाराला विचारून घेतलं, लाकडी मूठ बदलायला हरकत नाही म्हणाला, मग शिसवीच्या एका उरलेल्या तुकड्यातून नवी कोरली. खुंट्या करताना उरलेला तुकडा. तीनदा बिघडली. चौथीला अंगठ्याच्या बुडाशी अर्धा सूत जास्त ठेवलं आणि माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आपोआप मागच्या खाचेत येऊन बसायला लागली. जुनी मूठ कापडात गुंडाळून बायकोच्या कपाटात.

नेमाचं सांगायचं तर पुढची माशी चौकोनी, मागची खाच स्क्रूवर वर-खाली आणि डावी-उजवी होते. क्लबमार्फत कधीतरी परदेशी मॅचची काडतुसं मिळतात. त्यांना एक स्क्रू, देशी काडतुसांना दुसरा, हे मी पेटीच्या झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पंचवीस मीटरवर दहाचं वर्तुळ पन्नास मिलिमीटरचं. घोडा ओढून, सावकाश, सहापैकी पाच गोळ्या मी आता त्यात टाकतो. एकदा तर पाचांची छिद्रं जवारीच्या दोऱ्याने मोजली, टोकापासून टोकापर्यंत माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं जास्त. सहावी नेहमी बाहेर. डावीकडे खाली. कारण पाच झाल्यावर मी मनात "आता शेवटची" असं म्हणतो.

दोष? आहेत. बावीसच्या गोळीवर मेण किंवा चरबीचा हात असतो आणि शिसं उघडं. चार-पाच डझन गोळ्यांनंतर घरं काळी होतात, काडतूस अंगठ्याने आत सरकेना होतं. मग कुणी ते दाबून बसवायला जातो. अजिबात करू नका, ज्या काठात मसाला तोच काठ तुम्ही दाबताय. ब्रश घ्या, सहाही घरं घासा, दोन मिनिटांचं काम. दुसरं, टोपणं बाहेर ढकलणारी जी चांदणी असते तिच्याखाली न जळलेल्या दारूचा एखादा कण अडकला तर चकरी बंद होत नाही किंवा घासत फिरते. टोपणं काढताना नळी आभाळाकडे धरून एकदाच जोरात दांडी ठोका, म्हणजे टोपणं आणि कचरा दोन्ही खाली पडतात. मी पहिले दोन महिने नळी खाली धरून काढायचो आणि दर रविवारी "बिघडली, बिघडली" म्हणून ओरडायचो. तिसरं, डावा हात आधाराला पुढे नेऊन चकरीच्या तोंडाशी धरू नका. चकरी आणि नळी यांच्यात फट असते, तिथून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

आणि कान. बावीस म्हणजे फटाकडी, असं समजून पहिल्या दिवशी मी कापूस घालून गेलो. सोमवारी एका गायिकेचा तंबोरा जवारीला होता. खर्ज लावला, तर वरचा जो गंधार आपोआप ऐकू यायला हवा तो येईचना. मी जवारी घासत राहिलो. घासत राहिलो. बुधवारी कान मोकळा झाला तेव्हा कळलं, जवारी आधीच ठीक होती, मीच ती खाल्ली. नवी करून द्यावी लागली, पदरचे पैसे. तेव्हापासून आत बुच आणि वरून मफ, दोन्ही. माझं पोटच कानावर आहे.

रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भडंगाला हात लावायचा नाही, हा बायकोचा नियम. शिसं बोटांना लागतं, ती म्हणते ते बरोबरच आहे.

२०२४ साल या हत्याराचं अर्धं वाया गेलं. लोकसभेची आचारसंहिता लागली, ठाण्यात जमा. परत मिळाली, जरा हात बसतोय तोवर विधानसभेची, पुन्हा जमा. जमा करताना तेलाचा हात देऊन, चकरीचा नंबर पावतीवर नीट लिहून घ्या. एकदा मला परत मिळाली तेव्हा मुठीवर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल होता. शिसवीवर तो अजून पुसट दिसतो.

मधल्या काळात मात्र ती घरी होती. १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेची पन्नास मीटर थ्री पोझिशनची फायनल आम्ही कारखान्यात मोबाईलवर बघितली, अर्धवट कोरलेल्या भोपळ्याला टेकवून. कोल्हापूर जिल्ह्यातलं पोरगं, पॅरिसला ब्रॉन्झ. गल्लीत कुणाला नियम कळत नव्हते. मी कपाटातून एक झडलेलं टोपण आणून दाखवलं, म्हटलं हेच ते, तो याच मापाची गोळी मारतोय. नेमबाज राही सरनोबतने २०१८ ला पालेम्बांगमध्ये एशियाडचं सोनं घेतलं तेही बावीसवरच. पोरांनी ते टोपण तळहातावर घेऊन बघितलं. एकाने त्यात फुंकून शिट्टी वाजवली. सूर बराच वर होता.

स्पर्धेला मात्र ही नेऊ नका. तिथे सगळे सेमी-ऑटो पिस्तूल आणतात, मूठ हातावर ओतल्यासारखी, वेगाच्या फेरीत रिव्हॉल्व्हरवाला मागेच पडणार. घर राखायला हवी असेल तरी ही नव्हे. आणि "मळ्यात बाटल्या मांडून मारू की" असं म्हणणारा एक तरी पाहुणा प्रत्येकाच्या घरी असतो. आमच्याकडे तो लग्नाच्या वरातीतही विचारतो. वरातीत उडवलेल्या गोळीला २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे सांगितलं की जेवायला बसतो. बावीसची गोळी छोटी दिसते, पण रेंजच्या मागे मातीचा बांध उगाच घातलेला नसतो, ती किलोमीटरच्या वर जाऊ शकते.

विकणार का, असं दोघांनी विचारलं. एकाने चांगला आकडाही सांगितला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, द्या की, गाडी येईल." मी त्याला एका रविवारी रेंजवर नेलं. शेजारी उभा राहिला, मफ घालून. मी सहा मारल्या. दुर्बिणीतून बघून म्हणाला, "पाच एका जागी आहेत, एक कुठं गेली?"

डावीकडे खाली, म्हटलं. ताई मागे घसा खाकरत होती.