पीएचपीतून दुसऱ्याच्या सर्व्हरवर फाइल पाठवायची आहे: एफटीपी, कर्ल की पीएचपीसेकलिब?

समोरच्या कंपनीकडून होस्ट, यूजरनेम आणि पासवर्ड येतो आणि खाली एक ओळ असते: रोज रात्री स्टॉकची सीएसव्ही टाका. कोड लिहायला बसण्याआधी त्यांना एक प्रश्न नक्की विचारा, पोर्ट २१ की २२? २१ असेल तर एफटीपी, म्हणजे फाइल पाठवण्याची जुनी पद्धत; २२ असेल तर बहुधा एसएफटीपी. नावं जुळी वाटली तरी दोघांचं नातं नाही. एसएफटीपी एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवर चालतो. एफटीपीलाच टीएलएसचं (एचटीटीपीएसमध्ये असतं तेच एन्क्रिप्शन) कवच चढवलं की ती एफटीपीएस.

पीएचपीचं स्वतःचं एफटीपी एक्स्टेन्शन बहुतेक होस्टिंगवर चालू असतं. कनेक्ट, लॉगिन, पुट, की काम झालं. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात लॉगिन होतं आणि फाइल पाठवताना सगळं लटकतं. कारण हे एक्स्टेन्शन मुळात अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असतं, म्हणजे डेटासाठी समोरचा सर्व्हर उलट तुमच्याकडे जोडणी करू पाहतो आणि फायरवॉल ती अडवते. एफटीपी_पीएएसव्ही ट्रू करा, म्हणजे पॅसिव्ह मोडमध्ये डेटाची जोडणीही तुमच्याकडूनच होते; तेही लॉगिननंतरच. आधी केलंत तर उपयोग नाही. एवढं करूनही अडकलं, तर सर्व्हर नॅटच्या (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकणाऱ्या राउटरच्या) मागे बसून स्वतःचा १९२.१६८ वाला आतला पत्ता कळवत असण्याची शक्यता आहे. तेव्हा एफटीपी_यूजपासव्हअ‍ॅड्रेस हा पर्याय फॉल्स करायचा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. साधा एफटीपी १९८५ च्या आरएफसी ९५९ या मानकावर चालतो आणि पासवर्ड उघडा पाठवतो. ग्राहकांची नावं, पत्ते, बिलं त्यावरून पाठवू नयेत. एफटीपी_एसएसएल_कनेक्ट वापरलं तर मजकूर झाकला जातो, पण सर्टिफिकेट तपासलं जात नाही, म्हणजे पलीकडे नक्की कोण आहे ते कळत नाही.

म्हणून समोरच्यांकडे एफटीपीएसच असेल तर मी कर्ल हे पीएचपीचं दुसरं एक्स्टेन्शन घेतो. ते सर्टिफिकेट आपणहून तपासतं. फक्त यूज_एसएसएल या पर्यायाला 'ऑल' द्या. 'ट्राय' दिलंत आणि सर्व्हरने टीएलएस नाकारलं, तर कर्ल गुपचूप उघड्या जोडणीवर उतरतं. कर्लचा कोड लांबतो, सेटऑप्टच्या आठ-दहा ओळी होतात. तेवढं सोसावं.

निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपीच मागा. एकच पोर्ट, पॅसिव्हची भानगड नाही, पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरता येते. त्यासाठी पेकल या पीएचपी एक्स्टेन्शन्सच्या भांडारातलं एसएसएच२ आहे, पण त्याला सर्व्हरवर लिबएसएसएच२ ही लायब्ररी लागते आणि शेअर्ड होस्टिंगवर ती आपल्याला टाकता येत नाही. पीएचपीसेकलिब ही लायब्ररी पूर्ण पीएचपीत लिहिलेली, कंपोझर या पॅकेज मॅनेजरने येते. फार मोठ्या फाइलींना ती जरा वेळ घेईल. काही एमबींच्या सीएसव्हीला फरक जाणवत नाही.

पीएचपीसेकलिबची एक गोष्ट मला महागात पडली. पुटला फाइलचा पाथ दिला, उत्तर ट्रू आलं. सकाळी पलीकडून फोन, स्टॉक रिकामा दिसतोय. त्यांच्याकडची फाइल उघडली तर आत एकच ओळ होती, आमच्या फाइलचा पाथ. पुट दुसरा आर्ग्युमेंट मजकूर समजतं; फाइल वाचून पाठवायची तर तिसरा म्हणून सोर्स_लोकल_फाइल द्यावंच लागतं. शिवाय सर्व्हरची ओळख पटवणारी होस्ट की ही लायब्ररी आपणहून पडताळत नाही. गेट‌सर्व्हरपब्लिकहोस्टकी मागवून, आधी फोनवर घेतलेल्या कीशी जुळवा, आणि ते लॉगिनच्या आधी.

उद्या ठिकाण बदलून अ‍ॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीवर जायची शक्यता असेल, तरच फ्लायसिस्टम, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांसाठी एकच कोड चालवणारी लायब्ररी. एकाच सर्व्हरसाठी तो पसारा नको.

रस्ता कोणताही घ्या, फाइल आधी .पार्ट अशा नावाने चढवा, आकार जुळला की रीनेम करा. पलीकडचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मध्येच चालला तर अर्धवट सीएसव्ही त्यांच्या हाती लागत नाही.