मातीचा मग: लाटून की वळ्या रचून?

सहावीच्या मुलांना मग शिकवायचाय, पण पद्धत ठरत नाही, असं एक शिक्षिका मैत्रीण म्हणाली. मी दोन्ही शिकवल्यात.

वेळ: माती पोळीसारखी लाटून गुंडाळली की दोन तासिकांत मग उभा राहतो. वळ्यांना, म्हणजे मातीच्या दोरीसारख्या लांब वळ्या एकावर एक रचायला, जवळपास दुप्पट वेळ.

मजबुती: लाटलेला मग सांध्यावर उकलतो. दोन्ही कडांवर काट्याने चरे पाडून, पातळ चिखल लावून दाबलं नाही, तर वाळतानाच चीर पडते. वळ्या आतून अंगठ्याने नीट सारवल्या तर भिंत टिकते.

नक्षी: सपाट मातीवर गुंडाळण्याआधीच पिंपळपान दाबावं. पान उचलल्यावर शिरान् शीर उमटलेली पाहून मुलं हरखतात! वळ्यांवर हे जमत नाही.

मोठा वर्ग असेल तर लाटा. आठ-दहा मुलं आणि सवड असेल तर वळ्याच घ्या. मगातून चहा प्यायचा असेल तर दोन्हींना भट्टी आणि खाद्यसुरक्षित ग्लेझ (भट्टीत काचेसारखा होणारा लेप) हवंच.