मनगटाच्या दुखापतीसाठी कोन बीम सीटी: चांगली सोय

बाबा धुऱ्यावरून घसरून तळहातावर पडले. तालुक्याला एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. पण अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की कळवळायचे. म्हणून यवतमाळला तातडीच्या विभागात कोन बीम सीटी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या एक्स-रे झोतानं हाडांचं त्रिमितीय चित्र काढणारा स्कॅन केला. खुर्चीत बसून फक्त हात यंत्राच्या कड्यात घालायचा. स्कॅफॉइड या मनगटातल्या लहानशा हाडाला पडलेली केसाएवढी चीर पडद्यावर स्वच्छ दिसली. हे हाड एक्स-रेत सुरुवातीला बरेचदा हुलकावणी देतं, आणि रक्तपुरवठा कमी असल्यानं उपचार लांबला तर जुळायलाही त्रास देतं. प्लास्टर त्याच दिवशी झालं! हात हलला की चित्र पुसट येतं, म्हणून तिथल्या ताईंनी कोपराखाली उशी दिली, ते फार आवडलं. हाडांना हाडं जोडणाऱ्या लिगामेंटसाठी (अस्थिबंधांसाठी) मात्र एमआरआयच बरा. या तपासणीचा दर फलकावर लावावा, एवढीच विनंती.