दोन चॅनेल की आठ? हौशी बँडच्या घरच्या रेकॉर्डिंगचा हिशेब

बँडचं रेकॉर्डिंग घरी करायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास यंत्राचा येतो: इंटरफेस (माइक आणि वाद्यांचा आवाज संगणकात नेणारी पेटी नव्हे, डबी) कोणता घेऊ? माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. आधी एवढंच ठरवा, की सगळे एका वेळी बसून वाजवणार, की एकेक जण येऊन आपापला ट्रॅक, म्हणजे वेगळा रेकॉर्ड झालेला भाग, टाकणार. चॅनेल (एका वेळी वेगळे घेता येणारे आवाज) किती, माइक किती, हेडफोन किती हे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

एक बँड धरून चालू. गायिका, गिटार, बेस, पेटी किंवा कीबोर्ड, आणि तालाला ड्रम्स किंवा ढोलकी. सगळे नोकरदार, भेट शनिवार-रविवारी, आणि जागा म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली. यांच्यापुढे तीन रस्ते आहेत.

रेकॉर्डर मध्ये ठेवायचा आणि वाजवायचं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हेटाळला गेलेला रस्ता हाच. झूम एच४एनसारख्या हातात मावणाऱ्या रेकॉर्डरला वरच्या दोन माइकशिवाय आणखी दोन माइक जोडता येतात; एच६ला चार, म्हणजे एकूण सहा ट्रॅक. लॅपटॉप नको, ड्रायव्हर सॉफ्टवेअर नको. आणि एच६ पुढे संगणकाला जोडून इंटरफेस म्हणूनही वापरता येतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

वरच्या दोन माइकवरच घेतलं तर मिक्सिंग, म्हणजे आवाजांचं प्रमाण जुळवणं, होतं ते बसण्याच्या जागेवरून. ढोलकी जोरात येतेय? ढोलकीवाल्याला तीन फूट मागे सरकवा. पेटी ऐकू येत नाही? पुढे घ्या. नंतर संगणकावर यातलं काही बदलता येणार नाही, पण आपला बँड खरा कसा वाजतो हे यात जितकं स्वच्छ कळतं तितकं कशातच नाही. बांधणी पक्की नसलेल्या बँडने महिनाभर हेच करावं असं माझं मत. वर गाण्यासाठी वेगळा माइक जोडला, तर कार्यक्रमाच्या आयोजकाला पाठवण्याजोगा डेमो यातूनही निघतो.

दोन चॅनेल, एकेक करून

फोकसराइट स्कार्लेट २आय२ किंवा त्याच जातीचा कुठलाही दोन इनपुटचा इंटरफेस. आधी क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक), त्यावर गिटार आणि गाण्याचा कच्चा ट्रॅक, मग ताल, मग बेस, मग पेटी, शेवटी पक्कं गाणं. एका वेळी एकच माणूस, त्यामुळे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरण्याचा प्रश्नच नाही. बेस आणि इलेक्ट्रिक गिटार थेट इंटरफेसमध्ये जातात, रात्री अकरालाही शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. सगळ्यांची सुट्टी जुळवायची कटकटही नाही.

तोटे दोन, आणि दोन्ही मोठे.

पहिला लयीचा. क्लिकवर वाजवायची सवय नसलेला बँड क्लिकवर ताठरतो. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी प्रकारांत लय चढत जाते. गोंधळ, गजर, लावणीचा शेवट हे एकाच टेम्पोवर बांधले की जीव जातो त्यांचा. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, पण तो चढ कुणीतरी आधी आकड्यांत बसवायचा असतो, आणि एकमेकांकडे बघून चढलेल्या लयीची सर त्याला येत नाही. तोड अशी: ढोलकी आणि पेटी तेवढी एकत्र बसवून दोन माइकवर घ्या, क्लिक बंद ठेवा, आणि बाकीच्यांनी त्यावर वाजवावं. दोन चॅनेलमध्ये हे बसतं.

दुसरा सुरांचा, आणि तो पेटी असलेल्या बँडलाच छळतो. गिटारवाला ट्यूनर ४४० हर्ट्झवर (‘ए’ या सुराची कंपनसंख्या) ठेवून सूर लावतो. घरातली जुनी पेटी मात्र ४४०वर असेलच असं नाही, थोडी वर किंवा खाली असते. सगळे एकत्र बसले की पेटी ऐकून बाकीचे आपसूक जुळवून घेतात. वेगवेगळ्या दिवशी आलेल्यांना ते जमत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पेटीचा तोच ‘ए’ सूर धरून ट्यूनरवर आकडा बघा, ४४२ निघाला तर गिटार, बेस आणि कीबोर्ड तिघांनाही ४४२ सांगा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग बदलायची सोय बहुधा असतेच. पेटी बिचारी जिथे आहे तिथेच राहणार.

वाजवताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा आला की काहीजण लगेच इंटरफेसला नावं ठेवतात. बफर म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, येण्या-जाण्याचे धरून वर थोडी भर. त्रास होतो तो १०२४वर ठेवलेल्या बफरचा. रेकॉर्डिंगला बफर कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा, आणि गायिकेला डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण दाबून द्या. मग तिच्या आवाजाला उशीर नाहीच.

आठ चॅनेल, सगळे एकत्र

स्कार्लेट १८आय२० किंवा बेरिंजर यूएमसी१८२० यांत आठ माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) असतात, आणि पुढे एडॅट नावाच्या डिजिटल जोडणीच्या वायरीने आणखी आठ जोडता येतात. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, तरी सगळे एका दमात वाजवतायत. ऐकायला आदर्श.

पण इंटरफेसच्या किमतीवर थांबू नका. आठ इनपुट म्हणजे आठ माइक, आठ स्टँड, आठ केबल, पाच हेडफोन आणि हेडफोनसाठी वेगळा अँप्लिफायर. हा बाकीचा पसारा सहज इंटरफेसच्या पुढे जातो. हेडफोन बंद पाठीचेच हवेत, नाहीतर क्लिक गळून गाण्याच्या माइकमध्ये जातो आणि हळुवार कडव्यात टिकटिक ऐकू येते.

शिवाय दहा बाय बारामध्ये ड्रम्स आणि गाणं एकत्र घेतलं की गाण्याच्या माइकमध्ये ड्रम्सच जास्त येतात. गाण्याचा आवाज वाढवला की झांजाही वाढतात. मग ते गाणं कच्चं धरून नंतर पुन्हा गायचं, म्हणजे फिरून एकेकवरच आलो. एकत्र घेताना जुना नियम उपयोगी पडतो: माइक आपल्या वाद्यापासून जितका लांब, दुसरा माइक त्याच्यापासून किमान तिप्पट लांब. खोली लहान असली की हा नियम पाळायला जागाच उरत नाही, हे टेप घेऊन मोजलंत तर लगेच दिसेल.

याच गटात झूम एल-१२सारखे मिक्सर-रेकॉर्डर येतात. लॅपटॉप न लावता कार्डावर वेगवेगळे ट्रॅक, आणि हेडफोनचे पाच स्वतंत्र मिक्स. बेसवाल्याला ढोलकी जास्त हवी, गायिकेला पेटी जास्त हवी, प्रत्येकाला आपापलं मिळतं. सगळ्यांनी एकत्रच वाजवायचं ठरलं असेल तर मी इंटरफेसपेक्षा याला झुकतं माप देईन. भांडणं निम्मी होतात.

खरेदीआधी दोन फसगती

‘यूएसबी’ असं लिहिलेला स्वस्त मिक्सर बघून हुरळू नका. त्यावर आठ फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके) असले तरी बरेचसे मिक्सर संगणकाला फक्त डावं-उजवं एकत्र केलेलं मिक्स पाठवतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: रेकॉर्डिंगमध्ये वेगळे ट्रॅक किती मिळतात? ‘आठ चॅनेलचा आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे.

दुसरं, ‘आत्ता दोनचा घेऊ, पुढे आणखी एक दोनचा घेऊन चार करू’. विंडोजवर एएसआयओमध्ये (रेकॉर्डिंगसाठी वापरतात त्या ड्रायव्हर-पद्धतीत) एका वेळी एकच ड्रायव्हर चालतो, त्यामुळे दोन इंटरफेस सरळपणे जोडता येत नाहीत. मॅकवर जमतं, पण निर्धास्त नाही. वाढ हवी असेल तर पहिल्यापासूनच चार इनपुटचा किंवा एडॅट असलेला घ्या.

माइक: कंडेन्सर की डायनॅमिक

स्टुडिओचे फोटो बघून सगळ्यांना मोठा कंडेन्सर हवा असतो. तो ४८ व्होल्टच्या फँटमवर (माइकच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो आणि बारीकसारीक सगळं टिपतो. सगळं म्हणजे पंखा, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आणि गेटवरचा वॉचमनचा मोबाइलही. उघड्या फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत तो आवाजाइतकीच खोली रेकॉर्ड करतो.

डायनॅमिक माइक मुख्यतः जवळचाच आवाज पकडतो. शूरचा डायनॅमिक एसएम५७ १९६५पासून आणि एसएम५८ १९६६पासून बाजारात आहे. कार्यक्रम करणाऱ्या बँडकडे एखादा ५८ बहुतेक असतोच. गाणं त्यावर, तोंड चार बोटं लांब ठेवून घ्या; गिटारच्या अँपला आणि ढोलकीलाही तो चालतो. चमक थोडी कमी, पण खोलीचा त्रास खूप कमी.

पेटीला मात्र मी कंडेन्सरच लावीन. माइक पट्ट्यांच्या जवळ नेला की सुरांआधी पट्ट्यांची टकटक येते, आणि भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेचा फुसफुसाट. दीड-दोन फुटांवर, थोडा वरून, भात्याच्या उलट बाजूने झुकवून ठेवा. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये वरून, किंचित डग्ग्याकडे कलता, नाहीतर नुसता ‘ना’ ऐकू येतो आणि ‘घे’ हरवतो. अकूस्टिक गिटारचा माइक भोकासमोर नको, तिथे नुसता घुमारा असतो. गिटारची मान जिथे तिच्या धडाला जुळते त्या बाजूला वळवा.

ड्रम्सचं काय करायचं

ड्रम्स असलेल्या बँडचा सगळा निर्णय इथे अडतो. निवासी भागातली आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल; ड्रमसेट खोलीत शंभरीच्या पुढे सहज जातो. सोसायटीच्या सेक्रेटरीशी कितीही घरोबा असला तरी रविवारी दुपारी हे चालणार नाही.

म्हणून ड्रम्ससाठी तासावर मिळणारी जॅमरूम घ्या. मुंबई-पुण्यात अशा खोल्या आता पुष्कळ आहेत, सेट तिथेच असतो. चार माइक पुरतात: एक किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एक स्नेअरजवळ (वाजवणाऱ्याच्या समोरचा करकरीत ड्रम), दोन वरून. वरच्या दोघांसाठी इंग्लिश साउंड इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांची पद्धत घ्या. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूने सेटकडे बघणारा, आणि दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं. त्यासाठी सुतळी न्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं, दुसरं पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारायची, मग त्याच गाठीपर्यंत दुसरा माइक आणायचा. अंतर ३४ सेंटिमीटरने चुकलं तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही माइक मिसळल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा स्नेअरचा गाभाच खचतो. नंतर इक्वलायझर फिरवून तो परत येत नाही.

चार चॅनेल म्हटल्यावर दोनचा इंटरफेस इथे तोकडा पडतो. पण वर्षातून दोनदा ड्रम्स घेण्यासाठी आठ चॅनेल विकत घेणं मला पटत नाही. त्या दिवसापुरता भाड्याने किंवा ओळखीच्या बँडकडून आणा. आठ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे तासाला साधारण ४ जीबी, तेवढी जागा लॅपटॉपवर आधी रिकामी करा. इलेक्ट्रॉनिक ड्रम्स हा शेजाऱ्यांसाठी उत्तम मार्ग आहे, वाजवणाऱ्याला आवडेलच असं नाही.

खोली

अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्यांनी ना बाहेरचा आवाज अडतो, ना बेसचा घुमारा कमी होतो. त्यापेक्षा गाणाऱ्याच्या पाठीमागे कपाटाचं दार उघडून कपडे मोकळे ठेवा, भिंतीला गादी उभी करा, खाली सतरंजी घाला.

बेसचं दुखणं वेगळं आहे. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला आवाज अडकून घुमतो, आणि बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची! भिंतीला टेकून ऐकलं तर ती तार दणदणते, खोलीच्या मध्यावर बसलं तर जवळजवळ गायब. अशा खोलीत स्पीकरवर मिक्स केलेल्या गाण्यात बेस चुकणारच. स्पीकरचे पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला आणि शेवटचं मिक्स गाडीत वाजवून तपासा.

हमिंग येत असेल तर यंत्रावर संशय घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बऱ्याचदा दोष सॉकेटच्या अर्थिंगमध्ये असतो.

सॉफ्टवेअरवर फार खल नको. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवर रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतो आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. २४ बिटवर आवाज लालपर्यंत चढवायची गरज नसते, सगळ्यात जोराचा भाग उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे.

तर घ्यायचं काय

ढोलकी-पेटीचा, एकमेकांकडे बघून वाजवणारा बँड असेल तर मिक्सर-रेकॉर्डर किंवा एच६, आणि एक बरा कंडेन्सर. गिटार-बेस-ड्रम्सचा, क्लिकवर रुळलेला बँड असेल तर चार इनपुटचा इंटरफेस, जवळचे डायनॅमिक माइक आणि ड्रम्सपुरती जॅमरूम. एकटाच गाणी रचून मित्रांकडून भाग वाजवून घेणारा असेल तर दोन चॅनेल भरपूर. आठ चॅनेलचा इंटरफेस ज्यांच्याकडे कायमची, मोठी, शेजारी नसलेली जागा आहे त्यांनीच घ्यावा. गावाकडचं रिकामं घर असेल तर जरूर.

वर्गणी काढून खरेदी करणार असाल तर एक गोष्ट लेखी ठेवा. इंटरफेस एकाच्याच नावावर आणि त्याच्याच पैशाने असू द्या, माइक ज्याने त्याने आपला घ्यावा, स्टँड आणि केबल तेवढे सामाईक. बँड फुटतो तेव्हा केबलवरून कुणी भांडत नाही.